खोक्यातली भुतं परत द्या : शाळेच्या व्यवस्थापन समितीला खुलं पत्र

दांडिया बाजार, बडोदे

माननीय अध्यक्ष, सचिव आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

उत्तरायणाची सुट्टी संपवून शाळेत आले, तर वाचनाच्या खोलीतल्या कपाटाची खालून दुसरी फळी रिकामी. शिपाई म्हणाला, "बेन, ऑफिसातून सांगितलं म्हणून खोक्यात भरून दिली." एकेचाळीस पुस्तकं. कपाटाच्या दाराला सूचना चिकटवलेली: 'भूतप्रेत, जादूटोणा व तत्सम विषयांवरील इंग्रजी पुस्तके विद्यार्थ्यांच्या हितार्थ काढून घेण्यात आली आहेत.' त्यातला 'तत्सम' मी दोनदा वाचला. ड्रॅगन तत्सम, चेटकीण तत्सम, आणि बोलणारं मांजरही तत्समच असावं, कारण तेही गेलं.

मी रीतसर अर्ज दिला. तो पुढच्या बैठकीत घेऊ म्हणालात. पुढची बैठक वार्षिकोत्सवामुळे पुढे गेली. म्हणून हे उघडं पत्र. तुमच्यातल्या दोघांना मी पाचवीत एबीसीडी शिकवलेली आहे, तेव्हा राग नाही. पण आता भीडही नाही.

ही पुस्तकं काय आहेत ते आधी सांगते, कारण बैठकीत ती कुणी उघडून पाहिली असतील असं मला वाटत नाही. पातळ, दप्तरात वहीच्या मध्ये मावतील अशी. मधूनमधून चित्रं, शेवटी शब्दार्थ आणि थोडे प्रश्न. ज्यांना इंग्रजी घरात मिळत नाही त्यांच्यासाठी मुद्दाम सोपी करून लिहिलेल्या गोष्टी. त्यांना पायऱ्या असतात. आपल्याकडची बरीचशी ऑक्सफर्डच्या 'बुकवर्म्स' मालिकेतली होती. तिथे पहिल्या पायरीला ४०० मूळ शब्द, दुसरीला ७००, तिसरीला १०००, आणि सहाव्या पायरीला २५००. मूळ शब्द म्हणजे 'ओपन', 'ओपन्स', 'ओपन्ड', 'ओपनिंग' हे सगळे मिळून एक. 'द मंकीज पॉ' पहिल्या पायरीवर आहे, 'ड्रॅक्युला' दुसऱ्या, 'फ्रँकेन्स्टाइन' तिसऱ्या. चारशे शब्द म्हणजे किती? आपली सहावीतली मुलगीही तेवढे ओळखते. ओळखते, पण त्या शब्दांनी तिला आजवर कुणी काही सांगितलेलं नसतं.

हा उद्योग इंग्लंडात बसून कुणी काढला असं समजू नका. मायकेल वेस्ट नावाचा एक इंग्रज शिक्षक ढाक्याच्या टीचर्स ट्रेनिंग कॉलेजात होता. बंगालची मुलं वर्षानुवर्षं इंग्रजी शिकतात आणि तरी एक पुस्तक सलग वाचू शकत नाहीत, हे त्यानं १९२०च्या दशकात पाहिलं. क्रमिक पुस्तकात नवे शब्द इतके दाट पेरलेले असत की मूल पहिल्याच परिच्छेदात बुडायचं. त्यानं शब्द मोजून घेतले, कामाचे आधी, नवा शब्द थोड्याथोड्या अंतरानं, आणि आलेला शब्द पुन्हा पुन्हा. पुढे १९५३ मध्ये त्याची सुमारे २००० शब्दांची यादी छापली गेली, आणि अशा पुस्तकांच्या पायऱ्या बांधायला ती कित्येक वर्षं कामी आली. म्हणजे या पातळ पुस्तकांचं मूळ आपल्यासारख्याच मुलांच्या अडचणीत आहे. घरात एक भाषा, रस्त्यावर दुसरी, आणि परीक्षेला तिसरी.

आपल्या मुलांची तर चार होतात. घरी मराठी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी, आणि इंग्रजी फक्त माझ्या तासाला.

आता नववीचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. मुलाला मिसरूड फुटलंय, संध्याकाळी वडिलांच्या सेव-उसळीच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, तो हिशेब सांभाळतो, गिऱ्हाईक पाहून भाव करतो. इंग्रजी मात्र तिसरीतलं. त्याच्या हातात आपण कोणतं पुस्तक देतो? ससा आणि गाजर. किंवा रोज सकाळी लवकर उठणाऱ्या एका गुणी मुलाचा दिनक्रम. त्याला ते वाचता येतं, आणि वाचताना लाज वाटते. शेजारचा हसतो. लाज वाटली की पुस्तक मिटतं. त्याचं इंग्रजी लहान आहे, तो लहान नाही, हे त्या पातळ पुस्तकांना कळलेलं आहे आणि आपल्या कपाटाला अजून कळलेलं नाही. चारशे शब्दांत म्हातारा बाप असतो, कारखान्यात जाणारा तरुण मुलगा असतो, पैसा असतो, मरण असतं. पंधरा वर्षांच्या मुलाला जे प्रश्न पडतात त्यातलं काहीतरी असतं. म्हणून तो पान उलटतो.

आणि भुताचीच गोष्ट का? मी सांगते. माझ्या तीस वर्षांच्या अनुभवात सोपं करताना सगळ्यात कमी नासतो तो भयकथेचाच मजकूर. विनोद सोपा केला की मेला. कविता सोपी केली की मजकूर उरतो, कविता जाते. भीतीला मात्र मोठे शब्द लागतच नाहीत. अंधारात आपल्यालाही मोठे शब्द सुचत नाहीत. फळ्यावर मी एकदा दोन वाक्यं लिहिली: 'लास्ट नाइट ही क्लोज्ड द डोअर. नाऊ इट वॉज ओपन.' दहा शब्द, एकही पाचवीच्या बाहेरचा नाही. वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरून एकानं हळूच विचारलं, "कुणी उघडलं, बेन?" गुजरातीत विचारलं, पण विचारलं. एरवी माझ्या तासाला सगळे विक्रम राजासारखे बसलेले असतात. वेताळ कितीही प्रश्न विचारो, तोंड उघडायचं नाही, उघडलं की प्रेत पुन्हा झाडावर.

त्या दोन वाक्यांवर आम्ही पुढचा अर्धा तास काढला. 'क्लोज्ड' मधला शेवटचा 'ड' का, हे समजावून सांगायची वेळच आली नाही. दार आधी लावलं होतं, म्हणून 'ड'. तो 'ड' नसेल तर गोष्टच नाही. भूतकाळ शिकवायला भुताइतका चांगला शिक्षक मला अजून मिळालेला नाही. ही कोटी मी वर्गात दरवर्षी करते, मुलं दरवर्षी विव्हळतात.

आणखी एक गंमत बघा. आपण मराठीत म्हणतो 'तिथे कुणीच नव्हतं', गुजरातीतही नकार क्रियापदातच येतो. म्हणून आपली मुलं इंग्रजीत लिहितात 'नो वन वॉज नॉट देअर.' मी हे वाक्य लाल पेनानं किती वर्षं खोडत आले त्याची गणती नाही. नियम पाठ, वाक्य चूक. गेल्या वर्षी एका मुलीनं वहीत लिहिलं होतं: 'शी ओपन्ड द डोअर. नो वन वॉज देअर.' मी तिला विचारलं, इथे 'नॉट' का नाही घातलंस? ती म्हणाली, "बेन, नॉट घातलं तर कुणीतरी आहे असं होईल ना. मग भीती कशाची?" व्याकरणाची इतकी नेमकी मीमांसा मला बी.एड.ला कुणी केली नव्हती. समवन, नो वन, समथिंग, नथिंग, एनीवन: हे शब्द तक्त्यात कोरडे ठणठणीत असतात. भयकथेत तेच शब्द जिन्यावरून पावलं वाजवत येतात. 'ही वॉज गोइंग अप द स्टेअर्स व्हेन ही हर्ड अ नॉइज' हे जोडवाक्य दोन वर्षं तक्ता लावून येत नव्हतं. काहीतरी चाललेलं असतं आणि मध्येच काहीतरी घडतं, हे त्या वाक्याचं काम आहे, आणि भुताचंही तेच.

मोजून सांगणाऱ्यांसाठी मोजमापही आहे. पॉल नेशन हे भाषाशिक्षणातलं मोठं नाव. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं २००० साली दाखवलं की कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट कळायची तर शंभरातले साधारण अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत. म्हणजे शंभरात दोनच अडावेत. मी याची घरगुती परीक्षा करते. मुलानं एक पान वाचायचं, अडला शब्द की एक बोट मिटायचं. मूठ झाली की पुस्तक खाली ठेवायचं आणि अलीकडची पायरी घ्यायची. आपलं क्रमिक पुस्तक घेऊन तुम्ही हे एकदा करून बघा. मुलांच्या दोन्ही मुठी होतात. फिजीमधल्या खेडेगावच्या शाळांतही १९८०च्या दशकात एक प्रयोग झाला होता. वर्गात इंग्रजी गोष्टींची चित्रमय पुस्तकं भरपूर आणून ठेवली आणि मुलांना वाचू दिलं. दोन वर्षांनी ती मुलं नुसती वाचनातच पुढे गेली नव्हती, लिहिण्यात आणि व्याकरणातही गेली होती. गोडी लागेल अशी पुस्तकं, हे त्यातलं मर्म होतं. कोणत्या पुस्तकाची गोडी लागते ते कर्जवहीवरून कळतं. आपली कर्जवही ऑफिसातच आहे, चाळा. खालून दुसरी फळी सोडून बाकीच्या नोंदी एका पानात मावतील.

आता तुमच्या आक्षेपांकडे येते. तीन ऐकले.

पहिला, मुलं घाबरतात. एका आईची तक्रार आली, तिचा मुलगा रात्री बाथरूमला एकटा जात नाही. त्या बाईंना मी भेटले, त्यांचं म्हणणं खोटं नाही. आणि या बाबतीत माझा स्वतःचा एक अपराध आहे, तो मी तुमच्यापुढे ठेवते, म्हणजे नंतर कुणी शोधून काढायला नको. दोन वर्षांपूर्वी सहावीतल्या एका मुलीनं 'द मंकीज पॉ' मागितलं. शब्द तिला झेपणारे होते, बोटंही दोनच मिटली, मी दिलं. तिची आजी महिन्यापूर्वीच गेली होती, हे मी विचारलंच नाही. त्या गोष्टीत मेलेलं माणूस परत यावं म्हणून इच्छा मागितली जाते. मुलगी तीन दिवस शाळेत आली नाही. मी तिच्या घरी गेले, तिच्याबरोबर बसून शेवटची पानं वाचली, खूप रडली ती. शब्दांची पायरी मी पाहिली होती, मुलीची पाहिली नव्हती. तेव्हापासून त्या फळीला माझा नियम आहे: आठवीच्या आत कुणाला नाही, लाल टिकली लावलेली पुस्तकं मला विचारल्याशिवाय नाहीत, आणि पुस्तक परत करायला कारण सांगावं लागत नाही. एकेचाळिसातली दोन मी स्वतःच काढणार होते. एकाचं चित्र नुसतंच रक्तबंबाळ, मजकुरात त्याचा पत्ता नाही. दुसरं इतकं वाईट सोपं केलेलं की दर पानावर 'एव्हरीवन वॉज व्हेरी व्हेरी अफ्रेड.' घाबरल्याचं सांगायचं आणि घाबरवायचं नाही, हा वाचकाला मूर्ख समजण्याचा प्रकार. तेव्हा निवड करा जरूर. खोकं भरणं ही निवड नव्हे.

या 'मंकीज पॉ'बद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण सूचनेत 'भूतप्रेत' असा शब्द आहे. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांची ती गोष्ट १९०२ची. माकडाचा वाळका पंजा, हिंदुस्थानातून परतलेल्या एका सार्जंट-मेजरनं आणलेला. तो मंतरलेला कुणी? आपल्याकडच्याच एका म्हाताऱ्या फकिरानं. नशिबात असतं ते बदलायला जाऊ नये, हे त्याला दाखवायचं होतं. तीन इच्छा पुऱ्या होतात. बाप पहिल्यांदा दोनशे पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी मुलगा कारखान्यातल्या यंत्रात सापडून जातो आणि कंपनी भरपाई म्हणून देते ती रक्कम असते दोनशे पौंड. आई दुसरी इच्छा मागायला लावते, मुलगा परत यावा. रात्री दारावर थाप पडते. आई कडीशी झटते, आणि बाप अंधारात पंजा चाचपडत तिसरी इच्छा मागतो. दार उघडतं तेव्हा बाहेर रिकामा रस्ता आणि एक दिवा.

भूत कुठे दिसलं? एकदाही नाही. नुसती थाप. नववीच्या वर्गात यावरून अर्धा तास भांडण झालं, बाहेर मुलगा होता की नव्हता. दोन बाजू पडल्या. 'आय थिंक', 'बट', 'बिकॉज' ही सगळी मंडळी न बोलावता आली. मग लारीवाल्याचा मुलगा म्हणाला, "बेन, कंपनीनं तेवढेच कसे दिले?" त्याचा मामा मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात बोट गमावून बसलाय. पुढे तो काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.

दुसरा आक्षेप, अंधश्रद्धा वाढते. हा आपल्या विज्ञानवाल्या सभासदांचा आणि मला तो मनापासून आदरणीय वाटतो. पण अंधश्रद्धा पुस्तकातून येते की चौकातून? काळी चौदसेच्या, म्हणजे नरक चतुर्दशीच्या, रात्री आपल्या शेजारणी ककळाट, म्हणजे घरातली कटकट, काढायला वडे आणि पाणी घेऊन चौकात जातात. दुसऱ्या दिवशी आपली मुलं ते वडे चुकवून लांब उडी मारत पुढे जातात, आणि आपण मराठी घरातली माणसं पहाटे कारीट फोडून निघालेली, आपणही जरा वळसाच घालतो. त्याबद्दल कुणी सूचना चिकटवली नाही. त्याच फळीवर एक पुस्तक होतं, ऑस्कर वाइल्डची १८८७ची गोष्ट, कँटरव्हिलचं भूत. तीनशे वर्षं लोकांना घाबरवणारं भूत रात्री साखळ्या खणखणवत येतं, आणि घरात राहायला आलेला अमेरिकन गृहस्थ त्याला तेलाची बाटली देतो, म्हणतो साखळ्यांना हे घाला, आवाज फार होतोय. मुलं इतकी हसली की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. भुताला तेल देता येतं हे एकदा वाचलेलं मूल चौकातल्या वड्याकडे पुन्हा त्याच डोळ्यांनी बघेल असं मला वाटत नाही. निदान बघून हसेल.

बरं, पाचवीला आपण दरवर्षी कमाटी बागेतल्या संग्रहालयात नेतो. तिथे मुलं काय बघतात? चित्रं कुणी बघत नाही. देवमाशाचा सांगाडा बघतात आणि मग सरळ त्या इजिप्शियन ममीपाशी गर्दी करतात. हजारो वर्षांपूर्वी गेलेलं एक खरंखुरं माणूस आपण तिकीट काढून, रांग लावून, डबे खाऊन झाल्यावर मुलांना दाखवतो आणि त्याला शैक्षणिक सहल म्हणतो. कागदावरचा खोटा मुडदा मात्र हितार्थ खोक्यात. आणि आपल्याच कपाटाच्या मराठी फळीवर 'वेताळ पंचविशी' शाबूत आहे, मी पाहून आले. प्रेत खांद्यावर घेतलेला राजा, स्मशान, सगळं चित्रांसकट. तिला कुणी हात लावला नाही, कारण ती आपल्या आजीनं सांगितलेली. मुंजा, हडळ, खवीस, झोटिंग, चकवा, ब्रह्मसमंध: भुतांची इतकी बारीक वर्गवारी करणाऱ्या भाषेच्या लोकांनी इंग्रजी भुताला भ्यावं, याचं मला जरा हसूच येतं.

तिसरा आक्षेप आपल्या निवृत्त प्राध्यापकांचा: अभिजात कलाकृती सातशे शब्दांत कोंबणं हा तिचा अपमान आहे. सर, तुम्ही मूळ 'ड्रॅक्युला' वाचलाय, मीही वाचलाय. १८९७चं ते पुस्तक रोजनिशा, पत्रं, तारा यांनी बांधलेलं आहे, आणि सोप्या पुस्तकात ती बांधणी पातळ होते हे मला मान्य. पण रामायण आपण सगळे आधी वाल्मीकींकडून ऐकलं का? कीर्तनकाराकडून ऐकलं, आजीकडून ऐकलं, ज्याला झेपलं तो नंतर मुळाकडे गेला. जो गेला नाही त्याच्याकडेही राम राहिलाच.

आणि सर, मूळ 'ड्रॅक्युला'तला एक प्रसंग मी वर्गात दरवर्षी तोंडी सांगते, तो तुम्हाला आठवत असेल. तरुण इंग्रज वकील वाड्यावर येतो, तर काउंटच्या ग्रंथालयात इंग्रजी पुस्तकांचे ढीग. काउंट सांगतो की मला तुमची भाषा फक्त पुस्तकातून येते, बोलायची कशी ते कळत नाही. इथे माझ्या देशात मी सरदार आहे, पण लंडनच्या रस्त्यात मी तोंड उघडलं की लोक ओळखतील, हा परका. तेव्हा तुम्ही इथे राहा, माझ्याशी बोला, माझे उच्चार चुकले तर सांगा. हे मी सांगते तेव्हा वर्गात कुणी हसत नाही. आमच्या मुलींपैकी ज्या पुढे फतेगंजकडच्या कॉलेजांत गेल्या त्या येऊन हेच सांगतात, बेन, सगळं येतं, पण तोंड उघडलं की कळतं कुठून आलोय. तो काउंट रक्त पितो म्हणून मुलांना भिववतो, आणि उच्चार चुकतील म्हणून घाबरतो तेव्हा त्यांचा होतो.

फ्रँकेन्स्टाइनचंही तसंच. लोक त्या राक्षसाला फ्रँकेन्स्टाइन म्हणतात, पण ते नाव त्याला बनवणाऱ्या विद्यार्थ्याचं. त्या बिचाऱ्याला नावच नाही. मेरी शेलीनं ती गोष्ट १८१६च्या पावसाळी, सूर्य न दिसलेल्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या तळ्याकाठी लिहायला घेतली, तेव्हा तिचं वय अठरा. आपल्या बारावीतल्या मुलींएवढी. तिचा तो प्राणी एका झोपडीच्या आडोशाला लपून भिंतीच्या फटीतून आतल्या माणसांचं बोलणं ऐकतो आणि भाषा शिकतो. ती भाषा फ्रेंच, पण शिकायची रीत आपलीच. पहिल्यांदा त्याला कळलेले शब्द कोणते? विस्तव, दूध, भाकरी, लाकूड. मग तो माणसांची नावं शिकतो. मग वाचायला शिकतो. त्याला वाटतं, यांची भाषा नीट आली की हे आपल्याला जवळ करतील. पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, आणि ते वाचायला नववीतली पाच मुलं तिसऱ्या पायरीवर चढली होती. फटीतून ऐकत भाषा शिकणाऱ्याची गोष्ट, फटीतून ऐकत शिकणाऱ्या मुलांच्या हातून आपण काढून घेतली.

एक कबुली देऊन टाकते, नाहीतर वाटेल की मला फळीवरचं सगळंच आवडतं. जादूच्या राज्यांच्या गोष्टी, ड्रॅगन, तलवारी, नकाशे, यांत माझा जीव फारसा रमत नाही आणि शिकवायलाही त्या अवघड जातात. लेखकानं स्वतःच घडवलेले शब्द असतात, राज्यांची नावं, प्राण्यांची नावं. लाल टिकलीच्या नियमाआधी सातवीतला एक मुलगा शब्दकोश घेऊन रडकुंडीला येऊन माझ्याकडे आला, हा शब्द कुठेच नाही. कसा असेल, तो त्या ड्रॅगनचं आडनाव होता. आता मी अशा पुस्तकांत पहिल्या पानावर पेन्सिलीनं खोट्या शब्दांची यादी लिहून ठेवते. मुली मात्र हीच पुस्तकं आधी नेतात. माझ्या आवडीला विचारतं कोण?

समितीच्या खोलीत सयाजीराव महाराजांची तसबीर आहे. तिच्याखाली बसून तुम्ही हा निर्णय घेतलात, म्हणून एवढंच आठवण करून देते. १८७५ मध्ये कवळाण्याचा गोपाळ, म्हणजेच हे महाराज, इथे दत्तक आला तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहितावाचता येत नव्हतं. त्यानंतर तो मराठी, गुजराती, इंग्रजी शिकला. बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा, समोर इंग्रज शिक्षक. त्याला कुणी ससा आणि गाजर दिलं असेल का, मी पुष्कळदा मनात म्हणते. त्याच माणसानं १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं, १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणलं. ज्या गावात वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकं पेट्यांत भरून पाठवली जायची. बडोद्यात पुस्तकं खोक्यात भरायची ती पाठवण्यासाठी.

माझं मागणं फार नाही. खोकं सचिवांच्या खोलीत कपाटावर आहे, शिपायानं दाखवलं मला. ते खाली उतरवा. तुमच्यातल्या कुणीही तिघांनी, शक्यतो तक्रार केलेल्या त्या बाईंना बरोबर घेऊन, एका शनिवारी माझ्या शेवटच्या तासाला या. मुलांच्या बाकावर बसून एकेक पुस्तक वाचा. चाळीस मिनिटांत पहिल्या पायरीचं पुस्तक होतं. त्यानंतर जे काढायचं ते नाव लिहून, कारण लिहून काढा. 'तत्सम' चालणार नाही. लाल टिकलीचा नियम समितीचा नियम म्हणून लिहून घ्या, मला आनंदच आहे. मे महिन्यात मी निवृत्त होतेय, माझ्यामागे तो कुणीतरी पाळायला हवा.

आणि खोकं उघडाल तेव्हा सतरा नंबरचं पुस्तक जरा सांभाळून काढा. ते उत्तरायणाच्या आदल्या दिवशी लारीवाल्याच्या मुलाकडे होतं, दुपारी जमा केलं, सोमवारी परत नेतो म्हणाला होता. आत फाटलेल्या पतंगाच्या गुलाबी कागदाची खूण आहे, दारावर पहिली थाप पडते त्या पानात. ती पडू देऊ नका. तो रोज मधल्या सुट्टीत येऊन विचारतो.

आपली,
इंग्रजीची बेन